शाळेत लोककलावंत बोलावताना: तुमचे अनुभव लिहा

सातारा-सांगलीकडच्या शिक्षक-पालकांनो, 5 नोव्हेंबर म्हणजे मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीतच. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही शाळेत शाहीर नाहीतर गजीमंडळ (ढोलावर धनगरी गजी नाच करणारी मंडळी) बोलावणार आहोत. तुमच्याकडं कसं केलंत? बारीकसारीकही लिहा.

शिक्षक, वाळवा तालुका
शाहीर ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले आणि पहिल्यांदा मागितलं ते थोडं पाचट आणि काडेपेटी. सकाळच्या गारठ्यात डफाचं कातडं ढिलं पडतं, आवाज बद्द येतो. जाळावर डफ धरायचा, बोटानं टिचकी मारून बघायची, परत धरायचा. पोरं आपोआप भोवती जमली. शेवटी थाप खणखणीत पडली तेव्हा पाचवीतली एक मुलगी ओरडलीच, “सर, बदलला!” पोवाडा छान झालाच, पण पोरं आजही डफाचंच बोलतात. तेव्हापासून ही तयारी आम्ही मुलांसमोरच करायला सांगतो.

पालक, आटपाडी
गजीला स्टेज नको, मैदान द्या. आदल्या संध्याकाळी पाणी मारून घ्या, नाहीतर धुरळ्यात काही दिसत नाही. मुलं गोलाकार बसवा. ढोलाला माईक तर अजिबात नको.

शिक्षिका, सातारा
एका शाळेत दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं यातच मुलं उन्हात तासभर बसली आणि गोंधळी मंडळींना उरली जेमतेम दहा मिनिटं. संबळ सुरू होतोय तोवर मधल्या सुट्टीची घंटा! फार वाईट वाटलं. प्रास्ताविक दोन वाक्यांत उरका, नारळ-शाल शेवटी द्या. मुलं कलावंतांसाठी बसलेली असतात.

मुख्याध्यापक, जत
मानधन आधी बोलून घ्या आणि त्याच दिवशी हातात द्या. येण्याजाण्याचं भाडं वेगळं. जेवण आमच्या पालक-माता करतात.

अंगणवाडी सेविका, तासगाव
लहानांना पुढं बसवायची पद्धत ढोलाच्या वेळी मोडा. पहिलीची पोरं दचकून रडायला लागतात. त्यांना मागं, बाईंजवळ बसवा. रुळली की स्वतःच पुढं सरकतात.

पालक, मिरज
आमच्याकडच्या सतारमेकरांनाही बोलवा. वाळलेला भोपळा, तारा, घोडी असं सुटं सामान मुलांच्या हातात फिरवू द्या आणि मग सतार वाजवून दाखवायला सांगा. फक्त गट लहान ठेवा, एका वेळी एकच वर्ग.