नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट आपल्याच भावांपुढे का हरला?

प्रश्न : शब्दसाधक, कर्वेनगर

नमस्कार. आमच्या वाचनमंडळात सध्या मध्ययुगीन युरोपाचा अभ्यास चालू असून पुढील बैठकीत उत्तर फ्रान्समधील नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट कर्टहोज याच्याविषयी मांडणी करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा हा थोरला मुलगा. १०८७ मध्ये बाप वारला तेव्हा नॉर्मंडी रॉबर्टला, इंग्लंडचे राज्य विल्यम रूफसला आणि धाकट्या हेन्रीला ५,००० पौंड चांदी अशी वाटणी झाली. पुढे रॉबर्ट पहिल्या क्रुसेडवर, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धावर, गेला, अँटिओक आणि जेरुसलेम येथे लढला, १०९९ मध्ये अस्कलोनच्या लढाईतही त्याने नाव मिळवले. असा कसलेला योद्धा ११०६ मध्ये तँशब्रेच्या लढाईत धाकट्या भावाच्या हाती कैद होतो, याची संगती मला लागत नाही. बहुतेक लेखक त्याला आळशी, उधळा आणि ढिला ठरवून पुढे जातात. एवढ्याने उत्तर पूर्ण होते का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : भीमाकाठ

शब्दसाधक, आपला प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर रॉबर्टच्या स्वभावाआधी त्या वाटणीत शोधावे असे माझे मत आहे. १०६६ मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर नॉर्मन उमरावांना इंग्लंडमध्ये मोठमोठ्या जहागिरी मिळाल्या होत्या आणि त्यांचे मूळ वाडे-किल्ले मात्र इंग्लिश खाडीपलीकडे नॉर्मंडीतच होते. एकच धनी असेपर्यंत यात अडचण नव्हती. दोन भाऊ दोन गाद्यांवर बसताच प्रत्येक उमरावापुढे असा पेच उभा राहिला की एकाची चाकरी इमानाने करावी, तर दुसऱ्याच्या मुलखातील जहागीर जप्त होणार. १०८८ मध्ये बायूचा बिशप ओडो आणि मोर्तँचा काउंट रॉबर्ट या दोघा चुलत्यांनी रूफसविरुद्ध जे बंड केले, त्यामागे हेच कारण होते. राज्य पुन्हा एका हाताखाली यावे, आणि तो हात मवाळ ड्यूक रॉबर्टचा असावा, अशी त्यांची इच्छा होती. रॉबर्ट स्वतः इंग्लंडला पोहोचलाच नाही आणि बंड मोडले.

पुण्याच्या वाचकाला हे परके वाटू नये. १७०७ मध्ये शाहू महाराज सुटून आल्यावर आपल्या जवळच्याच खेडच्या लढाईत धनाजी जाधव ताराबाईंचा पक्ष सोडून त्यांना मिळाले, आणि त्यानंतर सातारा व कोल्हापूर यांच्यामध्ये सरदारांची जी ये-जा सुरू झाली ती थांबवण्यासाठी १७३१ च्या वारणेच्या तहात एकमेकांची फुटलेली माणसे आश्रयाला घ्यायची नाहीत असे ठरवावे लागले. नॉर्मन भावांनीही १०९१ आणि ११०१ असे दोनदा तह केले, परंतु दोन्ही तीरांवर जमिनी असलेला सरदारवर्ग कायम राहिल्यामुळे ते टिकले नाहीत. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला गिळल्यावाचून हा तंटा मिटणारा नव्हता.

प्रतिसाद : जुनेपान

भीमाकाठ यांच्या विवेचनाला पैशाची बाजू जोडतो. इंग्लंडमध्ये जमीनपट्टी वसूल करण्याची जुनी आणि बळकट व्यवस्था होती. नॉर्मंडीच्या ड्यूककडे तिच्या तोडीचे काही नव्हते. हाती रोकड नसल्यामुळे रॉबर्टने १०८८ मध्येच पश्चिम नॉर्मंडीतील कोतांतँचा प्रदेश ३,००० पौंडांना हेन्रीला देऊन टाकला, म्हणजे बापाने हेन्रीला दिलेल्या चांदीचा मोठा भाग घेऊन आपल्याच घरात त्याला पाय रोवू दिले. त्यानंतर रूफसने पूर्व नॉर्मंडीतील किल्लेदार पैशाने फोडले. १०९६ मध्ये क्रुसेडच्या खर्चासाठी रॉबर्टने सगळी नॉर्मंडीच १०,००० मार्कांना (एक मार्क म्हणजे दोन-तृतीयांश पौंड) रूफसकडे गहाण टाकली आणि ती रक्कम इंग्लंडच्या प्रजेवर जबर पट्टी बसवून उभी करण्यात आली.

२ ऑगस्ट ११०० रोजी रूफस न्यू फॉरेस्टमध्ये शिकारीत बाण लागून मेला. हेन्रीने लगोलग विंचेस्टर गाठून खजिना ताब्यात घेतला आणि ५ ऑगस्टला वेस्टमिन्स्टरमध्ये राज्याभिषेक करवून घेतला. रॉबर्ट त्या वेळी दक्षिण इटलीत कॉनव्हर्सानोच्या सिबिलाशी विवाह करून परतीच्या वाटेवर होता. ज्याच्या हाती खजिना त्याच्या हाती राज्य, हे हेन्रीला कळले होते.

प्रतिसाद : ओंकारेश्वर

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरीही माणूस बाजूला सारून या कथेचा उलगडा होत नाही असे मला आग्रहाने वाटते. ११०१ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट सैन्यासह पोर्ट्समथला उतरला तेव्हा इंग्लंडमधील अनेक बडे उमराव त्याच्या बाजूला झुकले होते आणि हेन्रीची गादी खरोखर डळमळीत होती. अशा वेळी ऑल्टनजवळ दोघे भेटले आणि वर्षाला ३,००० मार्क घेण्याच्या बोलीवर रॉबर्टने मुकुटावरचा हक्क सोडला. दोन वर्षांत त्या तनख्यावरही त्याने पाणी सोडले. रूफस किंवा हेन्री यांच्यापैकी कोणीही असे केले नसते. १०९१ मध्ये मों-सें-मिशेल या बेटावरच्या मठात दोघा थोरल्यांनी हेन्रीला वेढले असता रॉबर्टने आत पाणी जाऊ दिले आणि रूफस संतापल्यावर भावाला तहानेने मारायचे काय, असे त्याला विचारले, ही कथा मामसबरीचा विल्यम या बखरकाराने दिली आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, समकालीनांना हा माणूस कसा दिसत होता ते तिच्यातून कळते. मला हा दुबळेपणा वाटत नाही. भाऊबंदकीतही काही मर्यादा पाळणारा तो माणूस होता आणि त्याचा प्रतिस्पर्धी तशी मर्यादा पाळणारा नव्हता.

मांडणी करताना साधनांचाही विचार करावा. आपण ज्याच्यावर सर्वाधिक विसंबतो तो बखरकार ऑर्डेरिक व्हायटालिस नॉर्मंडीतील सें-एव्ह्रूलच्या मठात राहत होता आणि बेलेमच्या रॉबर्टसारख्या पुंड उमरावाच्या जाचाने तो मुलूख पोळला होता. त्याला रॉबर्टचा कारभार नकोसा आणि हेन्रीची जरब हवीशी वाटणे स्वाभाविक होते. शिवाय त्याने हे लिहिले ते हेन्री जिंकल्यानंतर.

शब्दसाधक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी अजून विचारतो. तँशब्रेला प्रत्यक्षात काय झाले, आणि हेन्रीने भावाला जिवंत का ठेवले?

प्रतिसाद : भीमाकाठ

२८ सप्टेंबर ११०६ रोजी रॉबर्टचा पहिला हल्ला जोरकस होता, परंतु हेन्रीने शेजारच्या मेन आणि ब्रिटनी या प्रांतांतील घोडदळ बाजूला दबा धरून ठेवले होते. त्याने बगलेवर घाव घालताच फळी फुटली आणि पिछाडीचा बेलेमचा रॉबर्ट पळून गेला. म्हणजे ड्यूकचे शौर्य कमी पडले नाही, माणसे कमी पडली.

हेन्रीने भावाला का मारले नाही याचे उत्तर मी असे देईन की क्रुसेडहून परतलेल्या वीराच्या रक्ताचा डाग कोणत्याही ख्रिस्ती राजाला परवडला नसता, आणि कैदेतला रॉबर्ट तसाही निरुपद्रवी होता. उपद्रव झाला तो रॉबर्टच्या मुलाचा. विल्यम क्लिटो तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता. हेन्रीने त्याला सें-साँसच्या एलियासकडे सोपवले, एलियासने पुढे त्याला घेऊन पलायन केले आणि फ्रान्सच्या सहाव्या लुईने त्याचा पक्ष घेतला. ११२० मध्ये हेन्रीचा एकुलता औरस मुलगा ‘व्हाइट शिप’ हे जहाज फुटून बुडून मेला तेव्हा क्लिटोचा दावा एकदम भारी झाला. ११२७ मध्ये तो फ्लँडर्सचा काउंट झाला आणि पुढच्याच वर्षी आल्स्तच्या वेढ्यातील जखमेने मेला. रॉबर्ट तोवर कैदेतच होता आणि त्यानंतरही सहा वर्षे जगला. ११३४ मध्ये कार्डिफच्या किल्ल्यात वारला. आपली मांडणी तँशब्रेवर थांबवू नये, ११२८ पर्यंत न्यावी, कारण भावाला हरवूनही हेन्रीला पुतण्याशी आणखी वीस वर्षे झुंजावे लागले.