चिमणीला टोपी आधी की डँपर आधी? (न्यू जर्सी, जुनं घर)

जुन्याघराचानवामालक
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये आम्ही इकडे मध्य न्यू जर्सीत १९६२ चं घर घेतलं. हॉलमध्ये विटांचं, खरं लाकूड जाळायचं फायरप्लेस आहे, बायकोनं घर पसंत केलं ते त्याच्याकडे बघूनच. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, हॉलमध्ये चूल कशाला रे.

तर तीन भानगडी आहेत. पाऊस झाला की फायरप्लेसच्या तळाला लालसर पाणी साचतं आणि दोन दिवस ओल्या राखेचा वास येत राहतो. दुसरं, आतमध्ये वर लोखंडी झडप (डँपर) आहे तिचं हँडल गंजून जाम झालंय, अर्धवट उघडी तशीच राहते, त्यामुळे आता रात्री गार व्हायला लागल्यापासून सोफ्यावर बसलं की पायाला वारा लागतो. तिसरं म्हणजे जून-जुलैमध्ये आतून फडफड आणि चिवचिवाट, मुलगी म्हणते चिमणीत चिमण्या शिरल्यात.

चिमणी साफ करणारा एक जण बोलावला, त्यानं दहा मिनिटं टॉर्च मारला आणि टोपी अधिक वरचा डँपर (धुराड्याच्या तोंडावर बसणारी झडप) मिळून १,४५० डॉलर सांगून गेला. अंगणातून बघितलं तर चिमणीवर दोन भोकं दिसतात, एकावर टोपी आहे एकावर नाही. टोपी मी स्वतः बसवू शकतो का? आणि वरचा डँपर घेतला तर खालच्या जुन्याचं काय करायचं, काढायचा की राहू द्यायचा?

काजळीबहाद्दर
कनेक्टिकटमध्ये चौदा हिवाळे काढलेत आणि दोन घरांच्या टोप्या स्वतः बसवल्यात, म्हणून जरा लांबण लावतो.

टोपी आणि डँपर ही दोन वेगळी कामं आहेत हे आधी डोक्यात पक्कं करा. टोपी म्हणजे वरचं छप्पर आणि भोवतीची जाळी. पाऊस, पानं, खारी, रॅकून यांना अडवते आणि ठिणग्या छपरावर पडू देत नाही, पण गरम हवा अडवत नाही कारण धूर जायला ती उघडीच असावी लागते. डँपर म्हणजे झडप, विस्तव नसताना धुराडं बंद ठेवायला. तुमचा लालसर पाण्याचा त्रास टोपी नसल्याचा आहे आणि पायाला लागणारा वारा डँपरचा, तेव्हा एकानं दोन्ही सुटणार नाहीत. लाल रंग बहुतेक त्या झडपेच्याच गंजाचा, म्हणजे झडप जाम होण्याचं मूळसुद्धा वरून येणारं पाणीच.

वरचा डँपर नळाच्या (धूर जायच्या मातीच्या नळीच्या) अगदी तोंडावर बसतो आणि कडेला सिलिकॉनची पट्टी असते, त्यामुळे जुन्या लोखंडी झडपेपेक्षा कितीतरी घट्ट बंद होतो. ती लोखंडावर लोखंड, नवी असतानाही फटी ठेवायचीच. वरच्याची स्टीलची केबल नळातून खाली येते आणि फायरप्लेसच्या आतल्या भिंतीवर कडी असते तिथे अडकवायची. बहुतेकांत स्प्रिंग असते, केबल ओढली की बंद, सोडली की उघडं. काही मॉडेलांत छप्पर आणि जाळी सोबतच येते, मग वेगळी टोपी लागत नाही, हे त्या माणसाला विचारा कारण १,४५० मध्ये तो दोन्हीचे वेगळे पैसे लावत असेल. खालची जुनी झडप पूर्ण उघडून तारेनं बांधून टाका किंवा पत्रा काढूनच टाका. दोन झडपा राहिल्या की कोणीतरी एक उघडतो आणि दुसरी विसरतो.

स्वतः करायचं तर मोजमापात चुकू नका. मातीच्या नळाचं बाहेरून माप घ्यायचं, कारण साधी टोपी बाहेरून कवटाळून चार स्क्रूंनी बसते. नावाला ८ बाय १३ म्हणतात पण प्रत्यक्षात अर्धा इंच इकडेतिकडे असतं. स्क्रू हातानं आवळा, ड्रिलनं करकचून नाही, भाजलेली मातीच ती, तडकते. आणि स्टेनलेसच घ्या, जस्ताच्या मुलाम्याची स्वस्त टोपी काही वर्षांत गंजते आणि विटांवर तपकिरी ओघळ सोडते.

वर गेलात की नळाभोवतीचं सिमेंटचं उतरतं छप्पर बघा, त्याला इथे क्राऊन म्हणतात. त्याला भेगा असतील तर पाणी तिथूनही शिरतं, हिवाळ्यात त्याचा बर्फ होऊन भेग रुंदावते, मग टोपी घालूनही तळाला पाणी येतं आणि माणूस टोपीला शिव्या देतो. माझं पहिलं वर्ष असंच गेलं.

पाकोळी_निरीक्षक
मुलीला सांगा त्या चिमण्या नाहीत, पाकोळ्या आहेत 🙂 आपल्याकडे पुलाखाली, जुन्या देवळात असतात त्यांच्याच नात्यातल्या. इकडच्यांना चिमनी स्विफ्टच म्हणतात. फांदीवर बसताच येत नाही त्यांना, उभ्या खडबडीत भिंतीला नखांनी लटकतात, म्हणून पूर्वी पोकळ झाडं आणि आता धुराडी. काड्या लाळेनं चिकटवून अर्ध्या बशीएवढं घरटं करतात.

महत्त्वाचं म्हणजे १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, अंडी किंवा पिल्लं असताना घरटं काढायला बंदी आहे. आत्ता ऑक्टोबर उलटत आलाय, त्या दक्षिण अमेरिकेच्या वाटेला लागल्यात, तेव्हा टोपी घालायला हीच वेळ. पण आधी धुराडं साफ करून घ्या, नाहीतर वाळलेल्या काड्यांचं जुनं घरटं आत तसंच आणि खाली तुम्ही विस्तव पेटवणार.

बेसमेंटवाली
वरचं सगळं बरोबर, पण दोन भोकांपैकी बॉयलरचं कुठलं हे कळल्याशिवाय कोणीही शिडी लावू नका. जुन्या घरांत एकाच चिमणीत दोन नळ असतात, एक फायरप्लेसचा, दुसरा तळघरातल्या बॉयलरचा नाहीतर वॉटर हीटरचा. त्या दुसऱ्यावर टोपी चालते, डँपर कधीच नाही. बंद केला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो, त्याला ना वास ना रंग.

आमच्याकडे कामगारानं नेमका उलट्या नळावर बसवला होता. रात्री दोनला अलार्म वाजला, मला वाटलं बॅटरी संपली, काढून ठेवणार होते. नवऱ्याचं डोकं दुखत होतं म्हणून शंका आली आणि पोरांना ब्लँकेटसकट बाहेर काढलं. प्रत्येक मजल्यावर अलार्म लावा, आजच. आणि निखारे पूर्ण विझून राख गार होईपर्यंत फायरप्लेसचाही डँपर बंद करायचा नाही, रात्री झोपताना थंडी वाजली तरी.

जुन्याघराचानवामालक
बाप रे. मी या शनिवारी शिडी आणणारच होतो, थांबवलं. आमचा बॉयलर गॅसचा आहे आणि त्याचा पाइप चिमणीतच जातो, आत्ताच खाली जाऊन बघितलं.

चकलीची_फोडणी
एक अनुभव टाकते, कोणी सांगत नाही म्हणून. आम्ही डँपर बसवला, खिडक्या नव्या घट्ट बसवल्या, आणि दिवाळीला हौसेनं फायरप्लेस पेटवलं. स्वयंपाकघरात चकल्या तळायला घेतल्या, हूड (वरचा धूर ओढणारा पंखा) फुल्लवर, आमचा नऊशे सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला नऊशे घनफूट हवा खेचणारा आहे कारण फोडणीचा वास पडद्यांना बसतो. दहा मिनिटांत हॉल धुरानं भरला, पाहुणे डोळे चोळत अंगणात. हूड हवा बाहेर फेकतो, ती कुठूनतरी आत यायला हवी, आणि सगळ्यात मोठं भोक धुराडंच की! ओढ उलटी झाली. नवीन बांधकामाच्या नियमांत चारशे सीएफएमच्या वरच्या हूडला बाहेरची हवा आणायची सोय लागते ती याचसाठी, पण जुन्या घरात कोण बघतो.

आता विस्तव असेपर्यंत हूड बंद, खिडकी इंचभर उघडी. पेटवायच्या आधी केबल सोडून वर्तमानपत्राची पेटती सुरळी वर धरायची, नळातली गार हवा तापली की धूर निमूट वर जातो. केबलच्या कडीला नवऱ्यानं पुठ्ठा लटकवलाय, "आधी मला सोडा".

जुन्याघराचानवामालक
अपडेट. दुसरा माणूस बोलावला, यानं नळात कॅमेरा घालून रीतसर तपासणी केली. घर विकत घेताना ही सखोल तपासणी करायचीच असते म्हणे, आमची राहून गेली होती. ज्यावर टोपी आहे तो बॉयलरचा, उघडा आहे तो फायरप्लेसचा. क्राऊनला दोन भेगा निघाल्या आणि आत तीन जुनी घरटी, मुलीनं एक खोक्यात ठेवून घेतलंय. उंची बघून मी स्वतः चढायचा नाद सोडला. आधी क्राऊनची दुरुस्ती, मग जाळीसकट येणारा वरचा डँपर, खालची झडप काढून टाकणार. आई डिसेंबरात येतेय, तिला कळवलं तर म्हणे चुलीला झाकण कशाला लागतं.

काजळीबहाद्दर
झकास. लाकूड कुठलं घेतलंय? यंदा तोडलेलं ओलं कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, धूर जास्त, आणि डांबरासारखी काजळी नळाला आतून धरते, तीच पुढे पेट घेते. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा, ठक्क वाजलं तर वाळलेलं.