मदत हवी आहे : एकाच मुलाच्या दोन कल्चर रिपोर्टांत क्लिंडामायसिनचे उत्तर वेगळे

नमस्कार. आम्ही घणसोलीला राहतो. माझा पंधरा वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो आणि पावसाळ्यापासून त्याला मांडीवर केसतूड होण्याची ही दुसरी खेप आहे. पहिल्या वेळी सेफॅलेक्सिनच्या गोळ्या पाच दिवस घेऊनही गळू लिंबाएवढे झाले, शेवटी चीर देऊन पू काढावा लागला आणि तोच तपासायला पाठवला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस निघाला, सेफॉक्सिटिन या प्रतिजैविकासमोर 'आर' (म्हणजे औषध लागू पडत नाही) होते, म्हणजे एमआरएसए, सेफॅलेक्सिनसारख्या नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस. तेव्हा सेफॅलेक्सिन का लागू पडले नाही, ते कळले.

माझा प्रश्न पुढचा आहे. त्या रिपोर्टात एरिथ्रोमायसिनसमोर 'आर' आणि क्लिंडामायसिनसमोर 'एस' (म्हणजे औषध लागू पडते) होते. आता ठाण्यातील दुसऱ्या प्रयोगशाळेने क्लिंडामायसिनलाही 'आर' दिले असून खाली 'डी-टेस्ट पॉझिटिव्ह' असे लिहिले आहे. दोन महिन्यांत जंतू बदलला, की पहिल्या ठिकाणी काही राहून गेले? शिवाय घरातील सर्वांनी पाच दिवस नाकात मुपिरोसिन मलम लावावे असे डॉक्टर म्हणतात. सासूबाईंना तर एकही पुळी नाही, मग त्यांनी का लावावे?

प्रतिसाद : ताई, मी प्रयोगशाळेत काम करते. जंतू बदलला असे लगेच समजू नका. काही जंतूंत क्लिंडामायसिनला तोंड देण्याची क्षमता सुप्त असते आणि एरिथ्रोमायसिनच्या सान्निध्यात ती जागी होते. म्हणून जंतू पसरलेल्या बशीत दोन्ही औषधांच्या चकत्या मुद्दाम जवळ ठेवतात; हीच डी-टेस्ट. तशा जंतूत क्लिंडामायसिनभोवतीचे, जंतू न वाढलेले वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटे होऊन इंग्रजी डी अक्षरासारखे दिसते. चकत्या लांब ठेवल्या तर वर्तुळ छान गोल येते आणि 'एस' लिहिले जाते. सासूबाईंचे म्हणाल, तर साधारण दर तीन माणसांत एकाच्या नाकात स्टॅफ काही त्रास न देता राहतो आणि तिथूनच घरात फिरू शकतो. मात्र मुपिरोसिनलाही जंतू दाद देईनासे होतात, म्हणून सांगितलेल्या दिवसांपलीकडे ते लावू नका. मुलाचा टॉवेल आणि गुडघ्याचे पॅडही वेगळे ठेवा.

मूळ लेखिका : आभार. पहिल्या प्रयोगशाळेत फोन केला. त्यांच्या तक्त्यात डी-टेस्टचा रकानाच नाही. दोन्ही रिपोर्ट उद्या डॉक्टरांना दाखवते.