मदत हवी आहे: रेडिओवरून अक्षराचा आकार कसा सांगायचा?

यवतमाळकडच्या आमच्या सामुदायिक रेडिओवर ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता योजनेत नाव नोंदवलेल्या बायांसाठी रोज 15 मिनिटं कार्यक्रम करतो. ट्रान्समीटर 50 वॅटचा, आजूबाजूची गावं तेवढी धरतात. हिशेबाची अडचण नाही, कापूस वेचणीच्या किलोंचे पैसे त्या तोंडी चोख सांगतात. अडतं अक्षरांवर. अआइऐवजी गमभनपासून सुरुवात केली. ‘ग म्हणजे गाठ अन् शेजारी काठी’ सांगितलं, तर एका काकूंनी पाटीवर खरंच गाठोडं काढलं! छापील तक्ते वाटले, पण वावरात कोण नेणार? रात्री 8 ची वेळ करून पाहिली, तर बाया पेंगतात. स्मार्टफोन पोरांकडे, त्यामुळे व्हिडिओ सुचवू नका. हात कापसात असताना नुसत्या कानावाटे आकार कसा पोचवायचा? कोणी करून पाहिलंय का?