मदत हवी आहे: स्वप्नात ‘हे स्वप्न आहे’ असं भान येतं, पण टिकत नाही

अंबडला दुसरी पाळी असते, म्हणून झोप रात्री 1 ते सकाळी 8. स्वप्नांची वही नियमित आहे, स्वप्नं नीट आठवतात. 5 तासांनी गजर, 20 मिनिटं जागं राहणं, मग ‘हे स्वप्न आहे हे मला कळेल’ असं घोकत झोपणं, इथवर जमतं. नाक दाबून श्वास घेऊन पाहण्याची खूणही (तरी श्वास आला तर ते स्वप्न) स्वप्नात लागू पडते. पण कळलं रे कळलं की चित्र फिकं होऊन जाग येते! स्वप्न टिकावं म्हणून स्वप्नातच हात चोळून, भिंत चाचपून पाहिलं. गिरकीने उलट लवकर जाग येते. खोलीत आणखी दोघं झोपतात, त्यामुळे गजर व्हायब्रेशनवरच. गोळ्या नकोत. रेम झोप (जिच्यात ठळक स्वप्नं पडतात) पहाटे लांबत जाते, तर गजर 6 तासांवर न्यावा की जागं राहण्याचा वेळ कमी करावा? आणि भान आल्यावर पहिल्या क्षणी नेमकं काय करायचं?