टिरिटिरी माटांगी बेटावर व्हॉलंटियरिंग: नक्की काम काय असतं? (आणि आईचा उंदरांचा प्रश्न)

साधी_भाजी
नमस्कार मंडळी. आम्ही अलीकडेच पुण्याहून न्यूझीलंडला, ऑकलंडला शिफ्ट झालोय. ऑफिसातल्या काहीजणी लाँग वीकेंडला टिरिटिरी माटांगी बेटावर व्हॉलंटियरिंगला जातात आणि मलाही चल म्हणतायत. ऐकायला सगळं छान वाटतंय, पण तिथे गेल्यावर माझ्यासारखीला नक्की काय करायला लावतात? मला चिमणी, कावळा आणि साळुंकी सोडून पक्षी ओळखता येत नाहीत, हसू नका.
दुसरं म्हणजे आई आलीय सहा महिन्यांसाठी, तिलाही न्यायचा विचार आहे. चालायचा प्रश्न नाही, वारीला जाणारी बाई आहे. पण माळकरी आहे, आणि मी कौतुकाने सांगायला गेले की बेटावरचे सगळे उंदीर मारले म्हणून आता तिथे पक्षी आहेत, तर म्हणाली, "एकाला मारून दुसऱ्याला जगवायचं, यात कसलं गं पुण्य?" मला काही बोलताच आलं नाही. कुणी गेलंय का तिकडे?

हिही_हाहा
मी तिथे अधूनमधून गाइडचं काम करतो त्यामुळे जरा लांबण लावतो, चहा घेऊन बसा.
बेट तसं छोटं, २२० हेक्टर. १९७१ पर्यंत तिथे शेती होती, म्हणजे मेंढ्या, गुरं आणि गवत, जंगल जवळजवळ सगळं तोडलेलं. मग ऑकलंड विद्यापीठातल्या जॉन क्रेग आणि नील मिचेल या दोघांनी डोकं लावलं की इथे परत जंगल उभं करायचं, आणि ते सामान्य लोकांनी करायचं, बेटाला कुलूप न लावता. तेव्हा अशी बेटं म्हणजे फक्त शास्त्रज्ञांनी जायचं असा रिवाज होता, त्यामुळे हे जरा जगावेगळंच. १९८४ ते १९९४ या काळात शाळेची पोरं, रिटायर्ड माणसं, क्लबवाले असे हजारो लोक बोटीने जाऊन अडीच लाखांवर झाडं लावून आले. रोपं बेटावरच्याच नर्सरीत वाढवायचे, ती सांभाळायचे तिथले शेवटचे दीपगृहवाले रे वॉल्टर, जे नंतर रेंजर झाले. १९८८ ला सपोर्टर्सची संस्था निघाली, ती आजही डॉकच्या (म्हणजे इथल्या सरकारी निसर्गखात्याच्या) जोडीने बेट चालवते.
आता काम. फोटोत दिसतं तसं पक्षी हातात घेऊन उभं राहायचं काम तुम्हाला कुणी देणार नाही हे आधीच सांगतो. पायवाटा दुरुस्त करणं, तण उपटणं, घरट्यांच्या पेट्या साफ करणं, हिहीसाठी ठेवलेले साखरपाण्याचे फीडर धुणं आणि भरणं, असली कामं. हिही हा छोटा पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतो आणि नव्या जंगलात जुनी पोकळ झाडं कुठून येणार, म्हणून पेट्या. ती साफसफाई कुणी केली नाही तर तो पक्षी तिथे टिकणं कठीण, इतकं ते साधं आणि इतकं ते महत्त्वाचं आहे. पक्षी ओळखता येत नाहीत तर नाहीत, तण ओळखायला तिथे शिकवतात.

निवांत_पाटील
सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा खडा टाकतो. ताई, तुमच्या आईंचा प्रश्न बरोबर आहे. १९९३ ला हेलिकॉप्टरमधून विषाचे दाणे टाकून उंदीर मारले आणि त्यात बेटावरचे पुकेकोही (पाणकोंबडीसारखे इथले पक्षी) मेले, हे कौतुकाच्या लेखात कुणी सांगत नाही. शिवाय उंदीर स्वतः पोहत थोडेच आले होते, माणसाने आणले, माणसानेच मारले. आपली साळुंकी बघा, एकोणिसाव्या शतकात इथे हौसेने आणून सोडली आणि आता उपद्रवी म्हणून तिच्या नावाने पिंजरे लावतात. आज उंदीर, उद्या अजून कोण?

मृदा
पाटीलसाहेब, पुकेकोंचं खरंय, पण अर्धंच सांगितलंत. त्या बेटावरचा उंदीर होता कियोरे, तो माओरींच्या (इथल्या मूळ रहिवाशांच्या) होड्यांतून शेकडो वर्षांपूर्वी आला आणि काही जमातींसाठी तो वाडवडिलांचा ठेवा आहे. न्गातीवाई या माओरी जमातीच्या लोकांनी आपल्या भागातल्या बेटांवरचे कियोरे मारायला हरकत घेतली आणि एका बेटावर ते मुद्दाम राखलेत. म्हणजे आईंसारखा प्रश्न इथल्या लोकांनाही पडलाय, ज्याच्या बेटाचा प्रश्न आहे त्याला विचारून निर्णय व्हायला हवेत एवढं मलाही पटतं.
पण दुसरी बाजू बघा. या देशात माणूस यायच्या आधी जमिनीवरचा सस्तन प्राणी म्हणजे फक्त वटवाघूळ. पक्ष्यांना उंदीर म्हणजे काय ते ठाऊकच नाही, बिचारे जमिनीवर अंडी घालून बसतात. ताकाहे तर संपलाच असं समजत होते तो १९४८ ला दक्षिण बेटाच्या डोंगरात सापडला, उडता येत नाही, दिसायला आपल्या जांभळ्या पाणकोंबडीची धष्टपुष्ट थोरली बहीण. असा पक्षी उंदीर-मुंगसाच्या गोतावळ्यात कसा जगणार (इथे मुंगसाच्या जागी स्टोट). मारणं वाईटच, पण न मारण्यानेही मरतंच कुणीतरी, फक्त ते आपल्याला दिसत नाही.
आणि बेटांवरचे उंदीर काढायची सुरुवातही व्हॉलंटियर लोकांनीच केली होती. रुआपुके नावाचं एक चिमुकलं बेट आहे ऑकलंडजवळच्या याच आखातात, तिथे उंदरांनी समुद्रपक्ष्यांचा फडशा पाडला तेव्हा १९६० च्या सुमारास फॉरेस्ट अँड बर्ड या निसर्गसंस्थेच्या मंडळींनी आणि वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी खात्याच्या डॉन मर्टननी हाताने विष ठेवलं. नंतर बघतात तर बेटावर एकही उंदीर नाही. त्याआधी हे शक्य आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.
आता राहिलं राखणीचं. संशोधकांनी एक उंदीर मुद्दाम कॉलर लावून उंदीर नसलेल्या एका बेटावर सोडला होता, किती वेळात पकडता येतो बघायला. तो पठ्ठ्या ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला आणि १८ आठवडे सापडला नाही. एका उंदराला एवढं, पोटुशी मादी एखाद्या बोटीतून उतरली तर काय होईल विचार करा. म्हणून बॅगा तपासतात, म्हणून बुटांचे तळवे घासायला लावतात. टिरीवर तर २००० साली अर्जेंटिना मुंग्या सापडल्या होत्या, त्या काढता काढता वर्षं गेली.

कोकणी_गडी
थोडं अवांतर, पण विषय बेटांचाच आहे. आपल्या वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स, तिथल्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत. त्या लाळेने घरटं बांधतात आणि परदेशात त्या घरट्यांचं सूप पितात, त्यामुळे चोरून घरटी काढून विकायचा धंदा चालायचा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ते उघडकीस आणलं आणि वनखात्याला सोबत घेऊन थांबवायला लावलं. तिथे उंदीर नाही, माणूसच. याच संस्थेने पुढे वेळासला कासवांचं काम गावकऱ्यांना धरून केलं, पर्यटक गावातल्या घरात राहतात, घरातल्यांना चार पैसे मिळतात.
माझं मत विचाराल तर दोन्हीत फरक आहे. टिरीवर गाव नाही, त्यामुळे बाहेरून आलेला व्हॉलंटियर तिथे राजा. आपल्याकडे किनाऱ्यावर माणसं राहतात, त्यांचं पोट तिथेच, त्यांना वगळून कुणी बाहेरचा टीशर्ट घालून आला तर त्याला कुणी विचारणार नाही, आणि विचारूही नये.

साधी_भाजी
बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. आईला मृदाताईंचं उत्तर वाचून दाखवलं. पटलंय असं म्हणाली नाही, पण "मग ते पाणकोंबडीसारखं दिसणारं बघायला जाऊ" म्हणाली, म्हणजे येतेय. आता व्यवहारातला प्रश्न, सामान काय आणि कसं न्यायचं? ती दशम्या-चटणीशिवाय कुठे हलत नाही.

हिही_हाहा
खुशाल न्या, बेटावर जेवायला काही मिळत नाही. फक्त डबा घट्ट झाकणाचा हवा आणि पिशवी चेनची, उघड्या कापडी पिशव्या चालत नाहीत. बॅग घरी रिकामी करून, झटकून मग भरा, बूट आदल्या रात्री घासून ठेवा, चिखलात बिया असतात. कचरा परत आणायचा. राहणार असाल तर बंकहाउसचं बुकिंग फार आधी करावं लागतं, नुसतं दिवसभरासाठी जायचं तर फेरीने सव्वा तास धरा आणि फेरी रोज नसते ते बघून ठरवा. आईंना पहिल्या खेपेला कामाला न लावता गाइडबरोबरच्या वॉकला पाठवा, ते पैसे संस्थेलाच जातात. आणि दशमी खाताना ताकाहे जवळ आला तर देऊ नका, कितीही केविलवाणा दिसला तरी, ते हातातलं ओढून नेण्यात पटाईत आहेत.