मादिराँची चव: तुरट, कडू की कोरडी?

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या उत्तरेकडील टेकड्यांवर, मादिराँ ही काळपट लाल वाइन होते. मराठीत तिचे वर्णन करताना ‘कडू’, ‘कोरडी’ आणि ‘उग्र’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण माझ्या मते तिचा मुख्य गुण सांगणारा शब्द ‘तुरट’ हाच आहे.

ही वाइन प्रामुख्याने ‘ताना’ नावाच्या द्राक्षापासून करतात. त्याच्या सालीत आणि बियांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. टॅनिन हा शब्द कातडी कमावण्याशी जोडलेला आहे. फ्रेंचमध्ये ‘ताँ’ म्हणजे कातडी कमावण्यासाठी कुटलेली ओकची साल. आपल्याकडे त्याच कामासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले आहेत, आणि हिरडा चघळलेल्या माणसाला तुरट म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. कातड्यातील प्रथिनांना जखडणारे हे द्रव्य लाळेतील प्रथिनांनाही जखडते, त्यामुळे लाळेचा बुळबुळीतपणा जाऊन जीभ खरखरीत होते. कडूपणा ही चव आहे, तर तुरटपणा हा बराचसा स्पर्श आहे. म्हणूनच कारले कडू आणि कच्चे केळे तुरट, हा भेद मराठी जीभ सहज करते.

‘कोरडी’ या शब्दाची अडचण निराळी आहे. फ्रेंच ‘सेक’ किंवा इंग्रजी ‘ड्राय’ म्हणजे जिच्यात साखर जवळजवळ उरलेली नाही अशी वाइन, परंतु ‘कोरडी’ म्हटले की मराठी वाचकाला तोंडाला पडलेली कोरड आठवते, जी खरे तर टॅनिनमुळे येते. एकाच शब्दावर हे दोन अर्थ लादण्यापेक्षा पहिल्या अर्थासाठी ‘अगोड’ वापरावा. नाशिकच्या बाटलीवरील ‘ड्राय रेड’ समजावतानाही तोच उपयोगी पडेल.

फ्रेंच जाणकार ‘ताने फोंद्यू’ असेही म्हणतात. शब्दशः त्याचा अर्थ वितळलेले टॅनिन असा होतो, पण ‘वितळलेला तुरटपणा’ मराठीला मानवत नाही. येथे लोणच्याचा ‘मुरणे’ हा शब्द घ्यावा, कारण पिंपात आणि बाटलीत वर्षे काढल्यावर मादिराँचा तुरटपणा नाहीसा होत नाही, तो मुरतो. हे मुरणे लवकर साधावे म्हणून वाइन-उत्पादक पात्रिक द्युकूर्नो यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला याच प्रदेशात वाइनमध्ये प्राणवायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे मोजून सोडण्याची पद्धत विकसित केली.

राहिला ‘शार्पाँते’, हा अशा वाइनसाठी वापरला जाणारा आणखी एक फ्रेंच शब्द. ‘शार्पाँत’ म्हणजे छपराचा लाकडी सांगाडा, तेव्हा ‘भक्कम बांध्याची’ हा प्रतिशब्द मला जवळचा वाटतो. ‘उग्र’ मात्र टाळावा, कारण तो वासाकडे झुकतो, आणि मादिराँचा जोर नाकापेक्षा हिरड्यांवर अधिक जाणवतो.